दा आणि रा: गिटारच्या उजव्या हाताच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आजपासून या वहीत फक्त उजव्या हाताबद्दल लिहायचं.

३१ ऑगस्टला सोसायटीच्या गणपतीपुढे आम्ही तिघं वाजवणार आहोत. मी गिटारवर, मावसभाऊ कीबोर्डवर आणि वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा तबल्यावर. यमनमधली एक धून बसवली आहे, तीनताल (सोळा मात्रा), लय १२० (मिनिटाला तेवढ्या मात्रा). तिच्या शेवटी चौगुनीत (मात्रेला चार स्वर) सपाट तान (सरळ क्रमाने जाणारे स्वर) घेतली आहे आणि ती मला येत नाही. मनात स्वच्छ ऐकू येते, डाव्या हाताला पाठ आहे, पण लयीत घेतली की मध्येच तुटते. हातात बरोबर तेरा आठवडे आहेत.

सा पांढरी पाच, म्हणजे सहाव्या, सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट (पडदा). प्रत्येक तारेवर तीन स्वर, सहा तारांवर अठरा: सा रे ग, मग पाचव्या तारेवर म प ध, चौथीवर नी सां रें, असं वर चढत जायचं. (म सगळीकडे तीव्रच आहे, दरवेळी लिहीत नाही.) पिक (तार छेडायची छोटी पट्टी) एकदा खाली, एकदा वर, आळीपाळीने, कुठेही न चुकता.

आजची मोजणी. मेट्रोनोम ८०: स्वच्छ. ८८: स्वच्छ. ९६: दहापैकी चार वेळा तुटली. १०४: एकदाही पूर्ण झाली नाही.

मग डावा हात मांडीवर ठेवून मोकळ्या तिसऱ्या तारेवर नुसतं खाली-वर वाजवून पाहिलं, ठोक्याला चार. १२० सहज गेलं. १४० पण गेलं. १५२ ला आठ मात्रा सलग, एकसारख्या. म्हणजे सेकंदाला दहा फटके. तानेला १२० च्या लयीत सेकंदाला आठच लागतात.

हे दोन आकडे शेजारी लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. इतकी वर्षं मी "वेग वाढवायचाय" असं म्हणत आले. वेग तर हातात आहे. अडतंय ते दुसरंच काहीतरी.

३ जून, मंगळवार

१०० च्या लयीत तान वीस वेळा घेतली, फोनवर रेकॉर्ड केली आणि लॅपटॉपवर निम्म्या वेगाने ऐकली. पहिल्यांदा कुठे तुटली तेवढंच लिहीत गेले. तीन वेळा पूर्ण झाली. उरलेल्या सतरांपैकी नऊ वेळा ग वरून म वर जाताना तुटली, पाच वेळा रें वरून गं वर, तीन वेळा इतर ठिकाणी. ध वरून नी वर जाताना एकदाही नाही.

तिन्ही ठिकाणी तार बदलते. मग दोन ठिकाणी तुटते आणि तिसरीकडे का नाही? बोटांची ठेवण सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

कागदावर खाली-वर मांडून पाहिलं. सहाव्या तारेवर खाली, वर, खाली. ग खालच्या फटक्याने वाजला, की तार बदलायची. पाचव्या तारेवर वर, खाली, वर. ध वरच्या फटक्याने वाजला, की तार बदलायची. चौथ्या तारेवर परत खाली, वर, खाली. तीन ही विषम संख्या असल्यामुळे दर तारेला दिशा उलटते. माझं वाजवणं फक्त खालच्या फटक्यानंतर तार बदलताना तुटतंय.

७ जून, शनिवार

फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन आहे. घरात ट्यूबलाइटमुळे चित्र लुकलुकत होतं, म्हणून सकाळी गॅलरीत उजेडात बसून घेतलं. ९६ च्या लयीत एका स्वराला साधारण ३७ चित्रं मिळतात. एक स्वर असा सदतीस तुकड्यांत पाहायला मिळेल, असं कधी वाटलं नव्हतं.

दिसलं ते असं. माझ्या पिकची वाट तारांच्या पातळीला समांतर नाही, तिरकी आहे. खाली येताना पिक गिटारच्या अंगाकडे घुसतं आणि पुढच्या तारेला टेकून थांबतं. वर जाताना ते तारांच्या पातळीतून बाहेर, हवेत येतं. म्हणून वरच्या फटक्यानंतर हात मोकळा असतो, कुठल्याही तारेवर उतरू शकतो. खालच्या फटक्यानंतर पिक दोन तारांच्या फटीत अडकलेलं असतं. तिथून पाचवी तार ओलांडून तिच्या पलीकडे जायचं आणि मग वर मारायचं. संथ लयीत हात ते उचलून नेतो. १०० ला तेवढा वेळच उरत नाही, म्हणून पिक पाचव्या तारेला घासतं, किंवा म वाजतच नाही.

एका तारेवर १५२ आणि तानेत ९६, या तफावतीचं उत्तर एवढ्यात आहे. एका तारेवर ओलांडायचं काहीच नसतं.

पडताळा म्हणून पेंटॅटोनिकचा (पाच स्वरांच्या सप्तकाचा) पहिला साचा घेतला, तारेला दोन स्वर. खाली-वर, तार बदल, खाली-वर, तार बदल. प्रत्येक बदल वरच्या फटक्यानंतर. १३२ ला पहिल्याच प्रयत्नात गेला. हा साचा मी पंधरा वर्षं वाजवतेय आणि तो "सोपा" आहे असंच समजत होते. तो सोपा का आहे ते आज कळलं.

८ जून, रविवार

खालच्या मजल्यावर नाना राहतात. चाळीस वर्षं सतार वाजवली, शिकवली. मिरजेत सतार करणाऱ्यांची घरं पावलापावलावर आहेत (२०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं), पण आमच्या इमारतीत वाजवणारे ते एकटेच. त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पाहिला, पण आवाज बंद करायला सांगितला नाही, मोठा करायला सांगितला.

"अगं, तुझा दा वाजतोय, रा वाजतच नाही. आहे, पण लहान आहे."

सतारीवर मिजराबीचा (बोटात घालायच्या तारेच्या नखीचा) आत येणारा फटका दा आणि बाहेर जाणारा रा. दोन्ही जलद आले की दिर. गिटारवर मी खालच्या फटक्याला दा आणि वरच्याला रा म्हणायचं ठरवलं. सरोदवर जवा (तिथलं पिक) धरून वाजवतात तिथेही खालचा दा आणि वरचा रा, त्यामुळे चूक होणार नाही. "डाउनस्ट्रोक, अपस्ट्रोक" असं तोंडाने म्हणत वाजवता येत नाही. दा रा म्हणत वाजवता येतं. या वहीत आता तेच शब्द.

नानांनी दिलेला अभ्यास: एकाच तारेवर रा पासून सुरुवात करायची आणि जोरही रा वर द्यायचा. रा दा रा दा. लय ६०, दहा मिनिटं, रोज.

करून पाहिलं. दोन मिनिटांत दा आणि रा आपोआप जागा बदलतात, जोर परत दा वर जाऊन बसतो. इतकी जुनी सवय आहे.

१४ जून, शनिवार

पिक बदलून पाहिले. मी आजवर ०.७३ मिमीचं नायलॉन वापरत होते. ते तारेवर वाकतं आणि मग सरळ होतं, आणि या सरळ होण्यातच वेळ जातो. १ मिमीचं घेतलं तर फटका लगेच लागतो, पण जाड तारांवर खरखर येते. डनलॉपचं जॅझ थ्री, १.३८ मिमी, आकाराने लहान आणि टोकदार: टोक बोटांबाहेर इतकं थोडं उरतं की खोल घुसायला वावच नाही. दीड-दोन मिलिमीटरच टोक तारेखाली जातं. फटीत कमी घुसलं म्हणजे बाहेर यायलाही कमी अंतर. हेच ठेवते.

पिकची कड तारेला अगदी समांतर न धरता थोडी तिरपी धरली, की ते तारेवरून घसरून पुढे जातं, आपटत नाही. मात्र तिरपेपणा वाढवला की स्वर घोगरा होतो. पहिल्या दोन तारांवर चालतं, सहावीवर नाही.

पाऊस सुरू झालाय. बोटं दमट, पिक फिरतं. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक पॉलिश पेपरने आडव्या रेघा पाडल्या. आता बसतं.

१५ जून, रविवार

खालच्या फटक्यानंतर पिक पुढच्या तारेला टेकलेलंच आहे, मग तोच फटका पुढे ढकलून ती तारही वाजवावी. दा रा दा, दा रा दा, दा रा दा. याला इकॉनॉमी पिकिंग म्हणतात. जिप्सी जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या परंपरेतले वादक हेच करतात: दा टेकवून थांबवायचा आणि नवी तार दा नेच सुरू करायची. जँगोबद्दल बोलताना सगळे १९२८ च्या आगीत भाजलेल्या त्याच्या डाव्या हाताबद्दल बोलतात, ते साहजिकच आहे. पण त्याच्या उजव्या हाताची शिस्त ही आजही शिकण्यासारखी गोष्ट आहे. सतारीलाही दोन दा लागोपाठ परके नाहीत. मसीतखानी गतीचे (सतारीवरच्या विलंबित गतीचे) बोलच दिर दा दिर दा रा, दा दा रा असे आहेत.

चढताना छान जातं. १०८ ला तान एकदा पूर्ण झाली! पण रेकॉर्डिंग ऐकल्यावर आनंद ओसरला. ग आणि म एकमेकांना चिकटतात. दोन दा एकाच ढकलण्यात निघत असल्यामुळे म लवकर येतो आणि त्याच्या पुढे एक छोटीशी फट पडते. तबल्याबरोबर हे उघडं पडेल. आणि उतरताना ही युक्ती चालत नाही, कारण तिथे पुढची तार उलट दिशेला आहे.

१९ जून, गुरुवार

आठवडाभर मेट्रोनोम दोन-दोनने वाढवत नेला. १०४ ला अडकले, परत ९० वर आले, परत चढले, परत १०४. यापुढे हे करणार नाही. ८० च्या लयीत मी ग वर पिक उचलून पाचवी तार ओलांडते. १२० ला उचलायला वेळच नसतो. म्हणजे ८० ला ज्या हालचालीचा रियाज होतो ती १२० ला वापरताच येत नाही. संथ रियाज चूक आहे असं मी म्हणत नाही. पण आधी जलद लयीतली हालचाल काय आहे ते कळायला हवं, मग ती संथ करून घोटायची.

त्यासाठी छोटे तुकडे. फक्त पाच स्वर, एकदाच, १२० ला, आणि थांबायचं. श्वास घ्यायचा. परत. तुकडा लहान असला की हात घाबरत नाही.

२६ जून, गुरुवार

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. सोमवारी सलग दोन तास बसले होते आणि मंगळवारी बादली उचलताना कळ आली. फिजिओथेरपिस्टने पिक धरून दाखवायला सांगितलं. अंगठ्याचं नख पांढरं झालेलं मला स्वतःला दिसलं. एवढ्या जोराने चिमटीत धरायची काहीच गरज नाही. आठवडाभर गिटार बंद. नंतर एका वेळी पंधरा मिनिटं, मध्ये विश्रांती, आणि दुखलं की तिथेच थांबायचं.

बंद म्हणजे बंद. वही पण बंद.

३ जुलै, गुरुवार

पंधरा मिनिटं. दुखलं नाही.

पकडीची नवी कसोटी: वाजवता वाजवता मावसभावाने पिक हलकेच ओढलं तर ते हातातून निघालं पाहिजे, पण आपणहून पडता कामा नये. पहिल्या दिवशी तीनदा पडलं. तरी आवाज आधीपेक्षा भरीव आहे, हे त्याच्याही लक्षात आलं.

६ जुलै, आषाढी एकादशी

या सगळ्या प्रकल्पात आजचा दिवस वेगळा.

संध्याकाळी नानांकडे साबुदाण्याची खिचडी खायला गेले होते. गिटार बरोबर नेली होती. त्यांना सगळं सांगितलं: तीन स्वर, विषम संख्या, अडकलेला दा. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष तानेकडेच होतं.

"पण तू यमनात चढताना सा आणि प का घेतेस?"

मी म्हटलं, "सपाट तान आहे, नाना. सगळे स्वर सरळ."

"घेतात, चूक नाही. पण यमन दिसतो कुठे? नी पासून उचल. नी रे ग म ध नी. सा टाळ, प टाळ. उतरताना सगळे घे. बघ कसं ऐकू येतं."

मी ते तिथेच गिटारवर शोधायला लागले. मंद्र (खालच्या सप्तकातला) नी, सहाव्या तारेचा दुसरा फ्रेट. रे, पाचवा. ग पाचव्या तारेचा दुसरा, म चौथा. ध चौथ्या तारेचा दुसरा, नी चौथा. पुढे रें, गं. मग मं, धं. मग पहिल्या तारेवर नी आणि रे.

तारेला दोन. सगळीकडे दोन. माझा डावा हात हा साचा ओळखत होता. एफ शार्पचा (म्हणजे इथल्या नी चा) मायनर पेंटॅटोनिक, तोच पहिला साचा, जो जगातला प्रत्येक गिटारवाला सगळ्यात आधी शिकतो. यमनातून सा आणि प काढले की उरलेले पाच स्वर बरोबर त्याच साच्यात बसतात. दा रा, तार बदल, दा रा, तार बदल. अडकायला जागाच नाही.

तिथल्या तिथे १२० ला वाजवली. गेली. नाना म्हणाले, "आता यमन झाला." मी काही बोलू शकले नाही. पाच आठवडे मी हाताशी झगडत होते आणि रागानेच वाट करून दिली.

७ जुलै, सोमवार

चढाचे बारा स्वर, म्हणजे चौगुनीत तीन मात्रा. उतार मात्र संपूर्ण हवा: रें सां नी ध प म ग रे सा, आणि तसाच आणखी खाली. सकाळी ऑफिसला जायच्या आधी फ्रेट मांडले, वरून खाली:

पहिली तार: ५ ३ २, म्हणजे रे सा नी. दुसरी: ५ ३ २, ध प म. तिसरी: ४ २, ग रे. चौथी: ५ ४ २, सा नी ध. पाचवी: ५ ४ २, प म ग. सहावी: ५ ३, रे सा.

सोळा स्वर! चार मात्रा, आणि शेवटचा सा सहाव्या तारेवर. चढाचे तीन धरून सात मात्रा. दहाव्या मात्रेला तान उचलायची, सोळावी मात्रा संपली की सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. मांडणी करायला बसले तेव्हा एवढी नेमकी बसेल असं वाटलं नव्हतं. १२० ला ही सगळी तान साडेतीन सेकंदांची आहे.

पण उतारात परत तीन-तीन स्वर आले आणि अडकलेला दा परत आला.

१२ जुलै, शनिवार

उताराचं उत्तर डाव्या हाताकडे आहे. तीन स्वरांपैकी पहिले दोन पिकने, दा रा, आणि तिसरा पुल-ऑफने. बोट तारेवरून काढताना तिला किंचित खाली खेचायचं, तेवढ्यानेच मागच्या बोटाखालचा स्वर वाजतो. पिकचा शेवटचा फटका रा झाला, हात हवेत, पुढची तार मोकळी. पुल-ऑफ वाजत असताना उजव्या हाताला तार बदलायला एका पूर्ण स्वराचा वेळ मिळतो. जिथे घाई व्हायची, तिथेच आता सवड आहे.

नानांना दाखवलं. "हे तर कृंतन," म्हणाले. सतारीवर याच क्रियेला हे नाव आहे. त्यांनी लगेच दोष दाखवला: माझा कृंतनाचा स्वर पिकच्या स्वरांच्या पुढे कोमेजतो. पहिल्या दोन तारांवर मधल्या बोटाने खेचताना जोर कमी पडतो. चौथ्या आणि पाचव्या तारेवर अनामिकेने खेचायचं असतं, तिथे बरं येतं.

आणखी एक. पुल-ऑफ करताना खालच्या फ्रेटवर तर्जनी आधीपासून घट्ट बसलेली हवी. नाहीतर मोकळी तार वाजते, आणि यमनात मोकळी पाचवी तार म्हणजे रे, तो तिथे कुठूनतरी उपटतो.

२० जुलै, रविवार

दोन्ही हात एकत्र येत नव्हते. स्लो मोशनमध्ये दिसलं की डावं बोट फ्रेटवर पोचायच्या आत पिक तार सोडून निघालेलं असतं. फार नाही, तीन-चार चित्रं. पण २४० पैकी चार म्हणजे १७ मिलिसेकंद, आणि १२० च्या लयीत आख्खा स्वर १२५ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात "टक्" असा मेलेला स्वर येतो.

उपाय म्हणून प्रत्येक तारेच्या पहिल्या स्वराला जोर. तो स्वर दोन्ही हातांची भेटायची जागा. मधले स्वर आपोआप रांगेत येतात. हे मी सांगोवांगी कितीदा ऐकलं होतं, पण जोर कुठे द्यायचा हे तारेच्या मांडणीवरून ठरवायचं, ही गोष्ट आता पटली.

२ ऑगस्ट, शनिवार

तबल्याबरोबर पहिली तालीम. चढ व्यवस्थित. उताराला तबलजी थांबला, म्हणाला, "ताई, तुमचे ठोके सरकतायत."

खरं होतं. उतारात तारांवरची विभागणी तीन तीन दोन, तीन तीन दोन अशी आहे आणि मात्रा मात्र चारची. हाताला जोर तारेच्या सुरुवातीला द्यायची सवय लागली (वीस तारखेचाच अभ्यास), आणि तो जोर मात्रेच्या जागी पडत नाही.

त्याने विचार न करता म्हणून दाखवलं: "तकिट तकिट तक, तकिट तकिट तक," पायाने चारचा ठेका देत. आम्ही तिघंही तसंच म्हणत बसलो, गिटार बाजूला ठेवून, पंधरा मिनिटं. मग मी मात्रा कुठे पडतात ते पाहिलं: पहिली रे वर, दुसरी प वर, तिसरी सा वर, चौथी म वर. चारही पिकचे स्वर, कृंतनावर एकही नाही, हे नशीब. पण प आणि म दोन्ही रा आहेत.

म्हणजे चारपैकी दोन मात्रा रा ने उचलायच्या आहेत. नानांनी आठ जूनला दिलेला तो रा दा रा दा इथे कामाला आला. तो मी मधले दोन आठवडे सोडून दिला होता. आजपासून परत, रोज दहा मिनिटं.

५ ऑगस्ट, मंगळवार

ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) रेकॉर्डिंग टाकून स्वरांमधलं अंतर मोजलं. १२० ला प्रत्येकी १२५ मिलिसेकंद यायला हवेत. चढ: ११८ ते १३२ च्या दरम्यान. कानाला एकसारखं लागतं. उतार: रा नंतर कृंतन १०५ वर येतो, म्हणजे वीसने लवकर, आणि मग पुढच्या दा आधी खळगा.

डावा हात कृंतन उरकून टाकतोय. आता उतार तिस्रात घेतेय, ठोक्याला तीन, फक्त पहिल्या दोन तारा, लय ९०. तिस्रात प्रत्येक तार ठोक्यावर सुरू होते आणि कृंतन कुठे पडायला हवा ते ऐकू येतं.

१० ऑगस्ट, रविवार

तारा बदलल्या. दहा-शेहेचाळीस जाडीचा संच, दोन महिन्यांत पहिल्या तीन तारांवर गंज. गंजक्या तारेवर पिक अडखळतं आणि मी आठवडाभर उगाच हाताला दोष देत होते. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा सुक्या कापडाने पुसायच्या, वरून आणि खालूनही. पिकचं टोकही एका बाजूने झिजलंय, नवं काढलं.

१७ ऑगस्ट, रविवार

उभं राहून वाजवायचं आहे हे आज लक्षात घेतलं. पट्टा लांब होता, गिटार खाली लोंबत होती. त्यामुळे मनगट वाकतं आणि पिकची तिरकी वाटच बदलते, रा नंतरही पिक पुरतं बाहेर येत नाही. पट्टा आखूड करून बसल्यावर जिथे येते तिथेच गिटार आणली. मावसभावाला ते दिसायला आवडत नाही. असू दे.

१२० ला दहापैकी आठ वेळा स्वच्छ. कोपर ठीक.

३१ ऑगस्ट, रविवार

वाजवलं.

लय १२० ठरली होती, पण मंडपातल्या उत्साहात ती वाढत गेली. रेकॉर्डिंगवर नंतर मोजली, शेवटी १२६ होती. दहावी मात्रा आली तेव्हा डोक्यात फक्त "नी" एवढाच विचार होता. चढ गेला. उतारात पाचव्या तारेवरच्या कृंतनाचा ग माइकमध्ये जवळजवळ नाहीच. बाकी सगळे स्वर आहेत. समेवर तिघंही एकत्र आलो.

नाना पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. नंतर एवढंच म्हणाले, "रा मोठा झाला."

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली. आज परत एक जूनची मोजणी, त्याच खुर्चीत.

एक तार, मोकळी: १६०, आठ मात्रा. नवी तान: १३२ ला स्वच्छ, १३८ ला कृंतन कोलमडतो. आणि जुनी तान, तारेला तीन स्वर, दा रा आळीपाळीने: १०४ ला दहापैकी सहा, ११२ ला एक.

जुनी तान थोडीच सुधारली, कारण तिचा प्रश्न मी सोडवला नाही, तिला वळसा घातला. यमनाने वळसा दिला म्हणून जमलं. बिलावल थाटातलं (सगळे शुद्ध स्वर) काही घेतलं, जिथे चढताना सा आणि प टाळता येत नाहीत, तर ग वरून म वर जाताना परत तेच होईल. दा नंतर पिक बाहेर यायला मनगटाला शेवटच्या दा च्या वेळी किंचित फिरावं लागतं, वाट तेवढ्यापुरती उलट बाजूला तिरकी करावी लागते. चांगल्या वादकांच्या स्लो मोशनमध्ये ते स्पष्ट दिसतं.

आज तेवढाच तुकडा घेतला. सहाव्या तारेवर सा रे ग, पाचव्यावर म, आणि थांबायचं. दा रा दा, रा. १२० ला चाळीस वेळा, मध्ये श्वास. चाळीसपैकी अकरा वेळा म वाजला. अकरापैकी शेवटचे पाच लागोपाठचे होते.

उद्या परत हाच तुकडा, पंधरा मिनिटं.